न विचारता चाललेली वाट

शशिकला इंगवले यांनी आयुष्यात कधी कुणाची परवानगी मागितल्याचं त्यांच्या नवऱ्याला आठवत नाही. आणि नवऱ्याने, म्हणजे मिलिंदरावांनी, परवानगी न मागता एखादी गोष्ट केल्याचं शशीताईंना आठवत नाही. इंग्लंडमधल्या रीडिंग शहराच्या पलीकडे, नदीकाठच्या मार्लीफोर्ड नावाच्या गावात या दोघांचा संसार चाळीस-पंचेचाळीस वर्षं बरा चालला. अडलं ते सत्तरी जवळ आल्यावर, आणि तेही अशा जमिनीवरून, जी दोघांपैकी कुणाचीच नव्हती.

ती जमीन म्हणजे मिल लेनच्या टोकाचा जुना स्पीडवे ट्रॅक. स्पीडवे ही मोटारसायकलींची शर्यत, पण आपण टीव्हीवर बघतो तसली नव्हे. लंबगोल ट्रॅक, त्यावर तांबड्या दगडाचा बारीक चुरा पसरलेला. एका वेळी चार स्वार, चार फेऱ्या. गाडीला ब्रेकच नसतो. वळण आलं की स्वार गाडी आडवी घालतो, डावा पाय जमिनीला घासत नेतो, आणि मागच्या चाकातून उडालेला चुरा कठड्यापलीकडच्या लोकांच्या तोंडावर बसतो. लोक तो अंगावर घ्यायला मुद्दाम वळणावर उभे राहतात. मिनिटभरात शर्यत संपते. मग दाताळी घेतलेली माणसं ट्रॅकवर उतरतात, बाहेरच्या कडेला फेकला गेलेला चुरा पुन्हा आत ओढतात, वळणं सारखी करतात, आणि पुढचे चार स्वार येऊन उभे राहतात.

त्यातलं एक दाताळं अठरा वर्षं शशीताईंच्या हातात होतं.

शशी मूळची कोल्हापूरची. वडील पेठेतल्या तालमीचे वस्ताद. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली असायची आणि तिचा वास वडिलांबरोबर रोज घरी यायचा. घरच्या ताकाची कळशी तालमीच्या दारापर्यंत नेऊन द्यायचं काम शशीचं. दारापर्यंतच. बाईमाणसाने हौद्यात पाय घालायचा नाही, असा नियम होता. का, असं तिने एकदा विचारलं. "नाही म्हणजे नाही," एवढंच उत्तर मिळालं. विचारून काही मिळत नाही, हे तिचं मत तिथेच पक्कं झालं. एका भर दुपारी, पैलवान जेवून आडवे झालेले असताना, ती हौद्यात उतरली, कडेकडेने एक फेरी घातली आणि पावलं तशीच उमटलेली ठेवून घरी आली. एवढंसं पाऊल कुणाचं, हे वस्तादांना सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतः खोरं घेऊन माती सारखी केली. रात्री जेवताना मुलीकडे एकदा रोखून बघितलं आणि म्हणाले, "भाकरी वाढ." विषय तेवढाच.

लग्न होऊन ती इंग्लंडला आली ती मिलिंद इंगवल्यांची बायको म्हणून. ते रीडिंग स्टेशनवर तिकीट खिडकीत होते. सज्जन माणूस. परक्या मुलुखात विचारून वागावं, असं त्यांना इथे आणणाऱ्या काकांनी विमानतळावरच सांगितलं होतं, आणि त्यांनी ते जन्मभर पाळलं. शेजारच्या झाडाचं सफरचंद वाऱ्याने आपल्या अंगणात पडलं, तरी उचलण्याआधी ते शेजारी जाऊन बेल वाजवायचे. शेजारीण पॉलीन शेवटी कंटाळून म्हणाली, "मिलिंद, सगळं झाड तुझं. पण बेल वाजवू नकोस."

हीच पॉलीन दर शुक्रवारी स्टेडियमच्या दारात कार्यक्रमपत्रिका विकायची. एका शुक्रवारी ती दोघांनाही ओढून घेऊन गेली. आत पाऊल टाकलं आणि शशीला आधी वास आला, एरंडेलाचा. त्या काळी गाड्यांच्या इंजिनात एरंडेलाचं तेल घालत, आणि ते जळल्याचा गोडसर वास सगळ्या मैदानावर तरंगत असे. मग मोठे दिवे लागले आणि खाली तांबडी माती दिसली.

"पॉलीन, ही तर आमची तालीम!" शशी म्हणाली.

"तुमच्याकडेही गाड्या पळवतात?"

"नाही गं. माणसं लोळवतात."

त्या संध्याकाळी पाऊस भुरभुरत होता, दाताळीवाल्यांतले दोघे आलेच नव्हते, आणि ट्रॅकचा मॅनेजर डेरेक घसा ताणून ओरडत होता. दुसऱ्या वळणावर चुऱ्याचा ढीग साचला होता. शशीने पर्स पॉलीनच्या हातात दिली आणि कठड्यावर पाय टाकला.

"अगं शशी! विचारलंस का कुणाला?" मिलिंदरावांनी मागून हाक मारली.

"कुणाला विचारू? सगळे कामात आहेत की."

डेरेक धापा टाकत पोचला, तोवर तिचा निम्मा ढीग ओढून झाला होता.

"बाई, तुम्ही कोण?"

"हे दाताळं नंतर कुठे ठेवायचं?" शशीने उलट विचारलं. डेरेकने बोटाने जागा दाखवली आणि दुसऱ्या कुणावर तरी ओरडायला निघून गेला. पुढच्या शुक्रवारी तिथे तिच्या मापाचे गमबूट ठेवलेले होते.

दिवसा शाळेच्या किचनमध्ये बटाटे आणि शुक्रवारी संध्याकाळी ट्रॅक, असं तिचं चाललं. मुलगी अर्चना ट्रॅकच्या कठड्याला टेकून गृहपाठ करत मोठी झाली. दोन हजार एक साली मालकांना परवडेना आणि स्टेडियम बंद पडलं. शेवटच्या शुक्रवारी माणसं ढसाढसा रडली, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांत तांबडा चुरा भरून घरी घेऊन गेली. शशीताईंनी चिमूटभरही उचलला नाही. पॉलीन म्हणाली, "आठवण म्हणून तरी घे." त्या म्हणाल्या, "आठवण कशाला? मी रोज येणार आहे."

आणि त्या रोज गेल्या. पहिल्याच हिवाळ्यात वादळाने मिल लेनकडचं फाटक आडवं केलं, ते कुणी उभं केलं नाही. नदीकडच्या बाजूला तर कुंपण कधी नव्हतंच. लेनमधून आत शिरायचं, ट्रॅकवरून जाऊन नदीवर बाहेर पडायचं. जाताना एका बाजूने, येताना दुसऱ्या बाजूने, म्हणजे लंबगोल पुरा होतो. पुढे स्टँड पाडले, दिव्यांचे खांब नेले, मधोमध जांभळ्या फुलांची झुडपं माजली. पण जिथे चुरा होता तिथे गवत विरळच राहिलं आणि ट्रॅकचा आकार काही मोडला नाही. नदीच्या बाजूने कुत्री फिरवणारे गोरे लोक जायला लागले. जुन्या कार पार्कात एका खोक्यासारख्या केबिनमध्ये टेरी नावाचा वॉचमन बसायचा. तो शशीताईंना "मॉर्निंग" म्हणायचा, त्या त्याला "मॉर्निंग" म्हणायच्या.

काही वर्षांनी मिलिंदराव निवृत्त झाले. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा तेही निघाले. पहिल्या दिवशी ते सरळ टेरीच्या केबिनपाशी गेले, टोपी काढली आणि विचारलं, "आम्ही इथून चाललो तर चालेल का?" टेरीने चहाचा मग वर केला. मग रोज तेच. पुढे आसपासच्या मराठी मंडळातल्या ज्येष्ठांचा त्यांनी एक गट केला. स्टँडसमोरच्या सरळ पट्ट्यावर जमीन सपाट होती, गुडघ्यांना बरी, म्हणून ही मंडळी त्याच बाजूने यायची-जायची. आणि दर दिवाळीला मिलिंदराव गटाच्या वतीने टेरीला फराळाचा डबा देऊन म्हणायचे, "येत्या वर्षीही परवानगी असू द्या." टेरीने जागेच्या मालक कंपनीला विचारलं, कंपनीने हो म्हटलं. सगळं कसं रीतसर.

दोन हजार बावीसच्या वसंतात जागा दुसऱ्या कंपनीने घेतली आणि एका सकाळी शशीताईंच्या समोर हिरव्या जाळीचं कुंपण आलं. आत घरं होणार होती. नकाशात ट्रॅक कुठेच नव्हता.

पॉलीनने स्पीडवेची सगळी जुनी मंडळी गोळा केली. तिच्या माळ्यावर प्रत्येक शुक्रवारची कार्यक्रमपत्रिका होती, तिच्या हातचे प्रत्येक शर्यतीचे गुण भरलेली. कोण पहिला, कोण पडला, कुणाची साखळी तुटली, सगळं पेनाने लिहिलेलं. म्युझियमवाले आले, त्यांनी त्यांचे फोटो काढले, वाहवा केली. एक तरुण बाई शशीताईंना म्हणाली, "तुमचा दाताळं धरलेला फोटो हवाय. साडीत घेऊ या का?"

"साडी नेसून चुरा ओढतं का कुणी? मी मिलिंदची जुनी पँट घालायची. ती आणू?"

फोटो पँटमध्येच निघाला. पण कुंपण त्याने हलणार नव्हतं. कायद्याला कोण जिंकलं ते नको होतं, कोण चाललं ते हवं होतं. पॉलीनने लायब्ररीत बसून शोधून काढलं, की या देशात लोक एखाद्या वाटेने सलग वीस वर्षं उघडपणे चालले, तर ती वाट लोकांची होते, मग जमीन कुणाचीही असो. त्यासाठी कौन्सिलकडे अर्ज करायचा आणि चालणाऱ्यांचे जबाब जोडायचे. अटी तीन: काही मोडून शिरलेलं नसावं, लपूनछपून गेलेलं नसावं, आणि परवानगीने गेलेलं नसावं.

ही तिसरी अट पॉलीनने स्वयंपाकघरात वाचून दाखवली, तेव्हा मिलिंदराव खुशीत होते. आदल्याच आठवड्यात त्यांनी मंडळातल्या सगळ्यांचे जबाब लिहून कौन्सिलला पोचवले होते, कुणी सांगायची वाट न बघता. आयुष्यात पहिल्यांदाच.

"मी सगळ्यांना स्पष्ट लिहायला सांगितलं," ते म्हणाले, "की आम्ही एक दिवसही परवानगीशिवाय पाऊल टाकलं नाही."

पॉलीन खुर्चीत बसली.

"मिलिंद," ती म्हणाली, "न विचारता गेलेल्यांची वाट होते. विचारून गेलेला पाहुणा. पाहुण्याला हक्क नसतो."

मिलिंदरावांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा ते रागावले. "म्हणजे काय, दुसऱ्याच्या जागेत घुसायचं होतं?"

"हो," शशीताई म्हणाल्या.

"चोरासारखं?"

"चोर रात्री जातो. मी टेरीच्या नाकासमोरून जात होते."

मंडळातल्या कुणीतरी फोनवर सुचवलं, की जबाब मागे घेऊ, दुसरे लिहू. मिलिंदराव काही बोलायच्या आत शशीताईंनी फोन घेतला. "खरं लिहिलंय, ते तसंच राहील. खोट्यावर मला वाट नको," एवढं म्हणून त्यांनी तो ठेवला. पण त्या आठवड्यात घरात दोघांचं बोलणं आमटीत मीठ आहे का, एवढ्यापुरतंच राहिलं.

त्यानंतर आला नकुल. पुण्याहून आलेला, रीडिंगच्या एका आयटी कंपनीत कामाला, मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवणारा, शशीताईंच्या हातच्या तांबड्या रश्श्यावर जीव असलेला मुलगा. नव्या घरांपैकी एक त्याने आणि निवेदिताने बुक केलं होतं, नेमकं स्टँडच्या बाजूला. वाटेचा निकाल लागेपर्यंत त्या रांगेचं काम थांबलं होतं.

"काकू, please, रागावू नका," तो म्हणाला. "मायरा सहा महिन्यांची झाली. एका बेडरूममध्ये किती दिवस काढणार? तुम्ही अर्जातून नाव काढलंत तर बाकीचेही काढतील."

"जेवलास का?"

"काकू, मी seriously बोलतोय."

"मी पण. ताट घे." वाढता वाढता त्या म्हणाल्या, "घर बांध की. मी कुठे नको म्हणते? रस्ता त्या ट्रॅकवरनं न्या, घरं आत-बाहेर घ्या. वाटेवर भिंत नको, एवढंच."

"पण ती वाट नाहीये, काकू. बंद पडलेला ट्रॅक आहे तो."

"ट्रॅक बंद पडला. मी बंद पडले का?"

नकुलने दोनदा रस्सा मागून घेतला आणि नाराजच गेला. मंडळात कुजबुज सुरू झाली. आपलीच पोरं, आपलेच म्हातारे आडवे येतात. कोजागिरीला शशीताईंच्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या. अर्चनाने साउथहॅम्प्टनहून फोन केला, "आई, कशाला या वयात? लोक बोलतायत." शशीताई म्हणाल्या, "बोलू दे. त्यांनाही काम नको का काही." मसाला दुधाचा पेला मात्र त्यांनी तसाच ठेवला होता, हे मिलिंदरावांनी पाहिलं होतं.

सुनावणी दोन वर्षांनी, चर्चच्या हॉलमध्ये झाली. सरकारने नेमलेल्या एक इन्स्पेक्टरबाई मध्ये, एका बाजूला कंपनीचा बॅरिस्टर, दुसऱ्या बाजूला पॉलीन आणि जुनी मंडळी. नदीच्या बाजूने जाणारे कुत्रेवाले बरेच होते, त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. पण स्टँडच्या बाजूला सगळे मंडळाचेच, म्हणजे परवानगीवाले. तिकडे न विचारता चाललेलं माणूस एकच, शशीताई. आणि दोन्ही बाजूंनी, पहिल्या दिवसापासून कुंपण येईपर्यंत चाललेलंही माणूस तेच. त्यांचा जबाब टिकला तर काहीतरी हाती लागणार होतं.

आधी टेरीला बोलावलं. तो कंपनीचा साक्षीदार.

"मिस्टर इंगवले नेहमी विचारायचे," तो म्हणाला. "फार सभ्य माणूस."

"आणि मिसेस इंगवले?" पॉलीनने विचारलं.

"त्या 'मॉर्निंग' म्हणायच्या."

"तुम्ही त्यांना कधी अडवलं का?"

"अडवायला खुर्चीतून उठावं लागलं असतं," टेरी म्हणाला.

मग शशीताई. बॅरिस्टर हसतमुख होता, आवाजही मऊ.

"तुमचे यजमान दर दिवाळीला वॉचमनला मिठाई द्यायचे, खरं ना?"

"मिठाई नाही. चकली आणि चिवडा."

"ते कोण करायचं?"

"मी."

"म्हणजे परवानगी मागताना जी भेट दिली जायची, ती तुमच्या हातची. मग ती परवानगी तुम्हीही मागितली, तुम्हालाही मिळाली, असंच झालं ना?"

पॉलीनने डोळे मिटून घेतले. मिलिंदराव मान खाली घालून बुटांकडे बघत होते.

"टेरी त्या खोक्यात थंडीत बसायचा, म्हणून त्याला चकली दिली," शशीताई म्हणाल्या. "पोस्टमनलाही देते. म्हणून काय माझी पत्रं मी त्याच्या परवानगीने वाचते?"

मागे कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. बॅरिस्टरनेही हसून घेतलं.

"पण तुम्ही दोघं बरोबर जायचात. यजमान परवानगी मागत असत तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"पहिल्या वळणापलीकडे."

"म्हणजे?"

"ते टोपी काढून उभे राहायचे, तोवर मी पुढे गेलेली असायची. मी कधी थांबले नाही. त्यांनाच विचारा."

इन्स्पेक्टरबाईंनी मिलिंदरावांकडे पाहिलं. मिलिंदराव उभे राहिले. "मी बोललो तर चालेल का?" त्यांनी आधी विचारलं. बाईंनी मान हलवली.

"मॅडम, मी बायकोच्या वतीने कधी परवानगी मागितली नाही. तिला कळलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. ती मला विचारून कधी बाजारात गेली नाही, ती टेरीला काय विचारणार?"

बॅरिस्टरने एक शेवटचा प्रयत्न केला. "मिसेस इंगवले, जमीन दुसऱ्याची आहे, एकदा तरी विचारावं, असं तुम्हाला इतक्या वर्षांत वाटलंच नाही?"

"जमीन त्यांची आहे, ती त्यांनाच लखलाभ. मी कुठे मागितली? मला पलीकडे जायचं असतं."

"आणि त्यांनी तेव्हा नाही म्हटलं असतं तर?"

"म्हटलं नाही की. आता म्हणतायत. उशीर झाला."

निकाल टपालाने आला. नदीच्या बाजूची वाट, दोन्ही वळणांसकट, लोकांची झाली. तिच्यावर आता कुणाला भिंत घालता येणार नव्हती. स्टँडच्या बाजूचा सरळ पट्टा मात्र गेला. एका माणसाच्या चालण्याने सार्वजनिक वाट होत नाही, असं इन्स्पेक्टरबाईंनी सभ्य भाषेत लिहिलं होतं.

मिलिंदरावांनी ते दोनदा वाचलं. "माझ्यामुळे गेला तो पट्टा," ते म्हणाले.

"हो. तुमच्यामुळे गेला," शशीताई म्हणाल्या, आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं. आलं जरा जास्तच किसलं गेलं. "पण हॉलमध्ये उभं राहून बोललात, ते बरं बोललात."

संध्याकाळी पॉलीन वाइनची बाटली घेऊन आली. जुने स्पीडवेवाले एकमेकांना फोन करत होते. "अर्धा तर अर्धा," ती म्हणाली. "बाकी गावांतल्या ट्रॅकवर सुपरमार्केट उभी राहिली. आपला अर्धा जिवंत आहे."

"अर्ध्या फेरीला पॉइंट देतात का गं?"

"शशी, आता पुरे की."

"वीस वर्षं कधीपासून मोजतात?"

"चालायला लागल्यापासून. पण जुनी वर्षं गेली, ती नाही धरायची."

"मग नवी धरू. पट्ट्यावर चालायला जागा राहील का?"

पॉलीनने नकाशा पसरला. स्टँडच्या जागी घरांची रांग होती, आणि पट्टा पडत होता नेमका घरांच्या पुढच्या हिरवळीवर. पुढच्या अंगणाला कुणी कुंपण घालायचं नाही, म्हणजे रांग सुंदर दिसेल, अशी अट खुद्द कंपनीनेच घातली होती.

"बघ," शशीताई म्हणाल्या.

"वीस वर्षांनी तू नव्वदीत असशील."

"तूही. आणि आपण नसलो तर आपल्या मागून चालणारे असतील. एकटीच्या चालण्याने होत नाही म्हणतायत ना? मग सगळे येऊ दे."

पुढच्या रविवारी त्यांनी मंडळाच्या ज्येष्ठांना घरी चहाला बोलावलं. सांगायचं ते थोडक्यात सांगितलं: घरं तयार झाली की चालायला सुरुवात. यायचं त्याने यायचं. कुणी कुणाला विचारायचं नाही, कुणाला डबा द्यायचा नाही, कुणासमोर टोपी काढायची नाही. दोघं-तिघं खाली बघत राहिले. पोरांच्या दारासमोरून असं जाणं बरं दिसत नाही, असं एकजण म्हणाला. "नाही दिसलं तर नाही," शशीताई म्हणाल्या. एका आजींनी मात्र हात वर केला आणि विचारलं, की काठी चालेल ना. मग आणखी एक हात वर झाला. मिलिंदराव बशा गोळा करत होते. ते ट्रे ठेवून आले तेव्हा त्यांनीही खुर्ची त्याच रांगेत ओढली.

घरं तयार झाली ती पुढच्या वर्षीच्या शरदात. नकुल, निवेदिता आणि आता बडबड करणारी मायरा राहायला आल्याला आठवडा झाला असेल. सकाळी धुकं होतं. शशीताई नदीकडून दोन्ही वळणं घेऊन पहिल्या घराच्या हिरवळीवर आल्या. मागे काठीवाल्या आजी, मागे आणखी चौघं, सगळ्यांच्या मागे मिलिंदराव, कानापर्यंत टोपी ओढलेली. गवत नवं, गालिच्यासारखं अंथरलेलं. शशीताईंनी त्यावर बूट टाकले आणि वेग जराही कमी केला नाही. पहिल्या खिडकीतला पडदा हलला. दुसऱ्या घरातल्या माणसाने हातातल्या कारच्या किल्लीसकट उभं राहून बघितलं आणि तो गाडीत बसला.

तिसरं घर नकुलचं. तो कॉफीचा मग घेऊन सपाता घालून दारात आला. त्या रश्श्याच्या जेवणानंतर तो त्यांच्याशी नीट बोलला नव्हता. चेहऱ्यावर आधी अवघडलेपण होतं, मग ओशाळं हसू आलं.

"काकू! काका! अहो या ना," तो म्हणाला. "झालं ते जाऊ दे. इथून बिनधास्त जात जा हं रोज, आमची काही हरकत—"

"नकुल!" शशीताई जागच्या जागी थांबल्या. ट्रॅकवर डेरेक ओरडायचा तसा त्यांचा आवाज लागला. "गप्प! तू काहीही बोलला नाहीस."

"नाही, मी म्हणतोय की तुम्ही खुशाल—"

"परवानगी देऊ नकोस! एक अक्षर नाही. आत जा, दार लाव, आणि खिडकीतून बघत राहा."

आतून निवेदिताच्या हसण्याचा आवाज आला. "अरे ये आत, ऐक त्यांचं," ती म्हणत होती. नकुलने मगासकट दोन पावलं मागे घेतली आणि खरोखरच दार लावलं.

काठीवाल्या आजी पुढे निघाल्या. बाकीचेही निघाले. मिलिंदराव मात्र बंद दाराकडे वळून, टोपीला हात घालून, थँक यू म्हणायला तोंड उघडतच होते. शशीताईंनी त्यांची बाही धरली आणि त्यांना पुढे ओढून नेलं.